मशीनचा उपास

सरांनी ‘प’ दाबला आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो.

अक्षर उमटेना. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं अजून सरांचं ऐकत होतं. बाकी हात, पाय, जीभ या सगळ्यांनी वर्षभरात एकेक करून राजीनामे दिले होते. ते बोट बटणावरून उचलायलाही त्यांना दोन श्वास लागायचे. त्यांनी ते उचललं, पुन्हा ‘प’वर टेकवलं, दाबलं. मग पडद्यावर एकदम दोन ‘प’ आले. सरांनी डोळे मिटून घेतले.

“पाणी होय? आणते की,” म्हणत पद्मावहिनी उठल्या.

पाणी नको होतं. वहिनी वाटी-चमचा घेऊन परत आल्या तेव्हा पडद्यावर ‘पपनख’ असलं काहीतरी झालं होतं आणि सर वर बघत होते. मी उठून पंखा बंद केला. एवढ्याला चार मिनिटं गेली होती.

“बघ की गं हे,” वहिनी म्हणाल्या. “असं चाललंय रोज. ह्यांचं बोट चालतंय तर हा डबा चालत नाही.”

हे भूपाल मगदूम सर. सांगलीत एका तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षं संगणकाची प्रयोगशाळा सांभाळलेले. मी त्यांची विद्यार्थिनी, शमा मुजावर. त्या वेळी सव्वीस वर्षांची होते आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळत होते. ती नोकरी मला सरांमुळे लागली होती. त्यांनी शिफारस वगैरे काही केली नव्हती, शिफारस हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. पण मला जे येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत नवीन मशीन म्हणून कधी आलंच नाही. दुसऱ्या कॉलेजांनी टाकून दिलेली यायची. सर ती चालवायचे, आणि चालवायची त्यांची पद्धत एकच, काढून टाकणे. सर जैन, चतुर्दशीला उपास धरणारे. ते म्हणायचे, माणसासारखा मशीनलाही आठवड्यातनं एक उपास पाहिजे. दर शनिवारी प्रत्येकानं आपल्या मशीनमधून त्याच्यावाचून अडत नाही अशा गोष्टी शोधून काढून टाकायच्या, कागदावर त्यांची यादी करायची आणि सगळ्या वर्गासमोर उभं राहून ती वाचायची. एखादी चुकीची गोष्ट काढली असेल तर सर मध्येच हात वर करायचे. बरोबर असेल तर शेवटी “चालेल” म्हणायचे. चालेलच्या पुढचा शब्द तीन वर्षांत मी कधी ऐकला नाही. कुणीच ऐकला नव्हता. आम्ही पोरी तर एकमेकींना म्हणायचो, सरांचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघून आल्यावर ते घरी काय म्हणाले असतील? चालेल!

त्यांना एकेक स्नायू निकामी करत जाणारा हा आजार झाला तेव्हा ते छपन्न वर्षांचे होते. मूलबाळ नव्हतं. घरात ते दोघंच.

पाणी तसंच ठेवून वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्याशी उभं राहून हळू आवाजात बोलायला लागल्या.

“मिरजेला नेलं होतं परवा. डॉक्टर म्हणाले, आता श्वासावर आलंय. कधीही अडकेल. अडकला की गळ्यात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. एकदा ठेवलं की ते मशीन परत निघायचं नाही. तसंच पडून राहायचं, किती दिवस ते सांगता येत नाही. नाहीतर मग...” त्यांनी नळ उगीच सोडला आणि बंद केला. “डॉक्टर म्हणाले, ते शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारून ठेवा. आयत्या वेळी तुम्हाला ठरवता येणार नाही.”

“मग विचारलं?”

“विचारलं की. त्याच रात्री विचारलं. लिहून सांगतो म्हणाले. म्हणाले म्हणजे ते ‘लिहून’ एवढं टाइप करायलाच झोपायची वेळ झाली.” वहिनींनी पदरानं हात पुसले. “मला ठरवायला नको गं, शमा. हो म्हणायला नको आणि नको म्हणायलाही नको. माझं धाडस नाही. त्यांनी सांगावं, मी तसं करीन. तेवढं त्यांना लिहिता येईल असं कर बाई.”

बाहेर येऊन मी संगणकासमोर बसले. तंत्रनिकेतनानं भंगारात काढलेला आणि सरांनी रिक्षात घालून घरी आणलेला. त्यावर सरांच्या कुणा सहकाऱ्यानं प्रेमानं एक भला मोठा प्रोग्राम बसवून दिला होता. त्यात चित्रं होती, आवाज होता, पुढचा शब्द सुचवायची सोय होती, कोपऱ्यात हसणारं एक तोंडही होतं. नाकापेक्षा मोती जड. एक अक्षर पडद्यावर यायला कधी अर्धा सेकंद तर कधी दोन सेकंद लागायचे. तुम्हाआम्हाला त्याचं काही वाटलं नसतं. पण सरांच्या बोटात आता इतका कमी जोर होता, की बटण पुरतं खाली गेलं का ते त्यांना कळत नव्हतं. अक्षर दिसलं तरच दाबलं गेलं हे समजायचं. ते उशिरा आलं की ते परत दाबायचे, मग दोनदा यायचं, मग पुसायचं, आणि पुसायलाही तेच बोट.

“सर, नवीन लॅपटॉप आणते मी. माझ्याकडे पैसे आहेत,” मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट हलवलं. ‘नको’ उमटायला मिनिटभर लागलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. नवीन लॅपटॉप कुणीही आणून दिला असता. हे जुनं धूड पळवून दाखवणं सांगलीत मला एकटीलाच जमलं असतं, असं मला वाटत होतं. आणि योगायोग असा की तो दिवस शनिवारचा होता.

मी पळवायचं ठरवलं ते टर्मिनलवर. टर्मिनल म्हणजे आम्ही संगणकवाले ज्यात हुकूम टाइप करतो ती काळी खिडकी. चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. त्यातही एक अगदी चिमुकलं टर्मिनल मला माहीत होतं. त्याला सेटिंगचा पडदासुद्धा नाही. अक्षर मोठं करायचं तर त्याचा मूळ कोडच उघडायचा, आकडा बदलायचा आणि सगळा प्रोग्राम पुन्हा बांधून घ्यायचा. माझ्या ऑफिसातले लोक त्याला वेडेपणा म्हणायचे. मला मात्र ते टर्मिनल पहिल्यांदा दिसलं तेव्हा सरांच्याच वर्गातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं होतं.

मी आधी तो मोठा प्रोग्राम काढला. मग त्याच्या मागोमाग आलेला सगळा गोतावळा काढला. टर्मिनलचा कोड उतरवून घेतला आणि बांधला. पहिल्यांदा बांधला जाईना. कुठं घोडं पेंड खातंय ते शोधण्यात तास गेला. सर खुर्चीत मान टेकवून बघत होते. मध्ये एकदा मी चुकीची फाइल उघडली तेव्हा त्यांच्या घशातून खर्जातला एक आवाज आला. वर्गात ते हात वर करायचे ना, त्याच्या जागी आता हा आवाज होता. मी फाइल बंद केली.

मग मी अक्षर मोठं केलं, तळहाताएवढं. पडद्यावर पाचच ओळी मावायला लागल्या. रंग काढले, काळ्यावर पांढरं एवढंच ठेवलं. कर्सरचा लुकलुकणारा ठोकळा स्थिर केला. पारदर्शकपणा, घंटा, माऊसच्या क्लिकची दखल, सगळं काढलं. देवनागरीची जोडाक्षरं त्यात मोडून दिसायची, म्हणून देवनागरीचा नादच सोडला आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं ठरलं. टाइप केलेलं डिस्कवर साठवायची सोय होती, पण ती म्हातारी डिस्क फिरायला लागली की सगळंच अडकायचं, म्हणून तीही काढली. प्रत्येक काढण्यानंतर मी ‘प’चं बटण दाबून बघत होते. सहाव्या काढण्याला अक्षर बोटाबरोबर यायला लागलं. अकराव्याला तर असं वाटायला लागलं, की बोट टेकायच्या आधीच ते येऊन बसतंय.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण यादीच्या कागदावर अकरा आकडा काही बरा दिसेना. डझन झाले असते तर शोभलं असतं. मी कोड पुन्हा वरून खाली चाळला. पडद्याबाहेर वर सरकून गेलेल्या दहा हजार ओळी लक्षात ठेवायची सोय त्यात होती, म्हणजे चाक फिरवून मागचं वाचता यावं म्हणून. बोललेलं काय कुणी मागं सरकवून वाचतं? पाणी दे, पंखा बंद कर. मी दहा हजार पुसून शून्य लिहिलं. त्यानं वेगात काडीचाही फरक पडला नाही. पडणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी ते मी यादीत बाराव्या नंबरला लिहिलं आणि शेवटचं बांधून घेतलं.

“वहिनी, या बाहेर,” मी हाक मारली. “आज शनिवार आहे. यादी वाचते.”

वहिनी वेताच्या मोड्यावर येऊन बसल्या. मी वर्गात उभी राहायचे तशी सरांसमोर ताठ उभी राहिले आणि वाचायला लागले. एक, चित्रं आणि आवाज. दोन, शब्द सुचवणं. तीन, हसणारं तोंड, यावर वहिनी हसल्या. सरांची नजर माझ्या तोंडावर होती. मी एकेक वाचत गेले. डिस्कवर साठवणं काढलं म्हटल्यावर त्यांनी पापणी मिटून उघडली, म्हणजे बरोबर. अकरावं वाचलं तेव्हा त्यांचं बोट हललं.

मी थांबले. ‘एस’ आला. दाबल्याबरोबर आला. मग ‘एच’, मग पुढचं. एकही अक्षर दोनदा नाही, एकदाही पुसणं नाही. पडद्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत शब्द उभा राहिला, शाब्बास.

मला रडूच आलं. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “अगं, मला सुद्धा कधी म्हणाले नाहीत,” त्या म्हणाल्या आणि त्याही डोळे पुसायला लागल्या. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. बारावं वाचायचं राहिलं. राहिलं म्हणजे, विसरले असं नाही. शाब्बासकी मिळाल्यावर पुढचं कशाला वाचायचं, असं मनात आलं होतं. आणि ते ऐकून सरांच्या घशातून तो आवाज आला तर काय, हेही आलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात जे बोलणं झालं तेवढं, वहिनी म्हणायच्या, लग्न झाल्यापासून झालं नव्हतं. इंग्रजी अक्षरांतली मराठी वाचायला वहिनी आठवडाभरात सरावल्या. मी एक दिवसाआड जायचे. दारातूनच पडद्यावरची पांढरी अक्षरं दिसायची.

‘आमटी खारट.’

“चव कळतीय म्हणजे बरे आहात,” वहिनी म्हणायच्या.

‘मुजावर आली. हिला खाऊ घाल. खारट नको.’

एकदा त्यांनी माझ्या अम्मीची चौकशी केली. एकदा मी ऑफिसातली एक अडचण सांगितली तर दोन ओळींत उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं. असं वाटायचं की सर परत आले. पण नळीचं उत्तर मात्र ते देईनात. वहिनींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पडद्यावर आलं, ‘सांगतो. नीट लिहून सांगतो.’

“लवकर सांगा हो,” वहिनी म्हणाल्या.

‘घाई नको. एकदाच सांगीन.’

बुधवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास मला फोन आला. वहिनींच्या आवाजावरूनच मी खुर्चीतून उठले.

“शमा, ह्यांना दवाखान्यात आणलंय. श्वास अडकलाय. शेजारच्या बिरनाळेअण्णांनी गाडीतनं आणलं. तू घरी जा. लगेच जा. किल्ली अण्णांच्या बायकोकडं आहे. त्यांनी लिहून ठेवलंय गं!”

“काय लिहून ठेवलंय?”

“सगळं! मला म्हणाले, बस्तीत जाऊन ये. जा म्हणून मागंच लागले. मी देवळातनं दर्शन करून पाऊण तासानं आले तर पडद्याकडं खूण करत होते डोळ्यांनी. पडद्यावर होतं, ‘पद्मा, वर सगळं लिहिलंय. वर सरकवून वाच.’ मला काय ते सरकवता येईना. म्हटलं, शमाला फोन करून विचारते, आणि फोन घ्यायला उठले तेवढ्यात...” त्यांना धाप लागली. “इथं डॉक्टर विचारायला लागलेत. तू जाऊन वाच आणि मला सांग. लवकर!”

फोन ठेवून मी स्कूटर काढली. विश्रामबागेतल्या माझ्या घरापासून त्यांच्या घरापर्यंत आठ मिनिटं लागतात. त्या आठ मिनिटांत मी स्वतःला काय काय सांगितलं ते मला अजून पाठ आहे. शून्य मी लिहिलं खरं, पण शेवटचं बांधताना कदाचित ते घेतलं गेलं नसेल. कदाचित मी जुनीच फाइल बांधली असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे माझंच काम चुकलेलं असू दे म्हणून मागत होते.

दार उघडून आत गेले. सरांची खुर्ची तिरकी झालेली होती. जमिनीवर वहिनींची पिशवी पडलेली, त्यातले तांदूळ सांडलेले. पडदा चालू होता. वरच्या दोन ओळी रिकाम्या, त्यांनी दोनदा एंटर दाबून मुद्दाम सोडलेल्या, परिच्छेद सोडतात तशा. खाली तीन ओळींत ते वाक्य. पद्मा, वर सगळं लिहिलंय. वर सरकवून वाच.

मी चाक फिरवलं. पान वर जायचं बटण दाबलं. बाण दाबला. एकेक बटण दाबून बघितलं. अक्षरं जागची हलली नाहीत. माझं काम चुकलेलं नव्हतं.

वेग किती छान होता ते मला आठवतंय. मी चुकून एक बटण दाबलं तर अक्षर लगेच आलं.

फोन वाजला.

“पोचलीस का? वाच, वाच,” वहिनी म्हणाल्या. मागे दवाखान्यातला गोंगाट होता, कुणीतरी चाकाची खाट ढकलत नेत होतं. “डॉक्टर समोरच उभे आहेत. म्हणतात, पाच मिनिटांत सांगा. नळी घालायची का नाही ते सांगा. काय लिहिलंय ह्यांनी?”

मी पान वर जायचं बटण आणखी एकदा दाबलं.

“शमा? ऐकू येतंय ना?”

“हो, वहिनी.”

“मग? काय लिहिलंय?”

त्या क्षणाबद्दल मी पुढे स्वतःशी खूप वाद घातले आहेत. सरांचा जीव वाचावा म्हणून मी जे बोलले ते बोलले, असं म्हणायची सोय आहे. ‘नको’ हा शब्द माझ्या तोंडून जाऊन एक माणूस मरावा हे मला झेपलं नसतं, असंही म्हणता येतं. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण जास्त खरं हे आहे की मला लाज वाटली. इथे काही नाही, वहिनी, असं म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का नाही? मग बारावं सांगावं लागलं असतं.

“घाला म्हणालेत,” मी म्हणाले. “नळी घाला म्हणालेत.”

“हो?” वहिनींचा आवाज एकदम फुटला. “घाला म्हणालेत? खरंच?”

“हो.”

“घाला, डॉक्टर, घाला! त्यांनीच लिहिलंय! घाला म्हणालेत!” त्या ओरडून सांगत होत्या. पावलांचे आवाज लांब गेले. मग त्या पुन्हा फोनवर आल्या. “शमा, आणि काय लिहिलंय गं? पुढं वाच की.”

“अं?”

“पाऊण तास लिहीत होते ते. आणि काय लिहिलंय?”

काय सांगणार होते? सरांच्या नावावर एक खोटं खपलं होतं, दुसरंही खपलं असतं. त्यांच्या बायकोला सांगण्यासारखं एखादं वाक्य मला सुचायला हरकत नव्हती. तेहेतीस वर्षांचा संसार होता तो. पण ते वाक्य कसं असेल तेच मला कळेना. सरांना कधी तसं बोलताना मी ऐकलंच नव्हतं.

“एवढंच आहे, वहिनी,” मी म्हणाले.

सर त्यानंतर अकरा महिने जगले. श्वास बंद पडून किती वेळ गेला होता कुणास ठाऊक, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. डोळे उघडे असायचे. प्रश्न विचारला तर पापणी हलायची नाही. मी तासन्‌तास समोर बसून विचारलं आहे. सर, नळी हवी होती का? हवी असेल तर एकदा मिटा. डोळे नुसते उघडे राहायचे, आणि दर दोन तासांनी वहिनी त्यात थेंब घालायच्या, कोरडे पडू नयेत म्हणून.

दीड महिन्यानं त्यांना मशीनसकट घरी आणलं. नळीतला कफ ओढायला मी शिकले. कूस बदलायला शिकले. तरी पाठीला जखमा झाल्याच. पाचव्या महिन्यात वहिनींचे थोरले भाऊ आले होते, त्या जखमा बघून ते म्हणाले, “पद्मा, बास कर आता. हे जगणं नव्हे. भूपाल शुद्धीत असता तर त्यानं असं ठेवून घेतलं असतं का?”

“त्यांनी स्वतः लिहिलंय,” वहिनी म्हणाल्या. “मला विचाराल तर मी कधीच सोडवलं असतं त्यांना. पण त्यांनी लिहून ठेवलंय ते मी कसं मोडू? विचारा हिला. हिनं वाचलंय.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही. पुढचे सहा महिने ते मशीन माझ्या शब्दावर चाललं. त्या टर्मिनलची सगळी मेमरी मी तेव्हाच, पहिल्याच संध्याकाळी, अक्षर अक्षर करून चाळली होती. त्या पाऊण तासातला एक तुकडाही हाती लागला नव्हता. तरी सर असेपर्यंत मी अधूनमधून तो संगणक लावायचे आणि बघायचे. काय बघायचे ते मला सांगता येणार नाही.

सर गेल्यानंतर महिन्याभरानं वहिनींनी मला बोलावलं. संगणक एका जुन्या चादरीत बांधून ठेवला होता.

“घेऊन जा बाई. माझ्या काय उपयोगाचा? तूच नीट केलेलास.”

आम्ही चहा घेतला. माणसं येऊन गेल्यावर घर असतं तसं शांत होतं. वहिनींनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाल्या, “एक विचारू? रागवू नकोस.”

“विचारा ना.”

“मला हाकलून बस्तीत पाठवलं त्या दिवशी. पाऊण तास एकटेच बसून लिहिलं. पद्मा, सगळं लिहिलंय म्हणाले.” त्यांनी कप बशीत ठेवला. “मला वाटलं होतं... असू दे. माणूस मुळातच तसा. पण तू घाईत होतीस तेव्हा. डॉक्टर ओरडत होते. एखादी ओळ राहिली असेल का गं वाचायची? माझ्यासाठी अशी?”

त्या वेळी मी त्यांना सगळं सांगू शकत होते. सर जिवंत नव्हते, नळी निघाली होती, माझ्या खऱ्या बोलण्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण मग अकरा महिने ज्याच्या जोरावर त्यांनी त्या जखमा धुतल्या होत्या, तेच काढून घ्यावं लागलं असतं. किंवा मी एखादी ओळ बनवून द्यायला हवी होती. एक ओळ. दुसऱ्या कुणीही दिली असती.

“नाही, वहिनी,” मी म्हणाले. “मी सगळं वाचलं होतं.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही कप-बश्या उचलून आत गेल्या.